ऑर्फा बिडवेलने दिलेला दाखला

डॉ. स्टॅनार्ड,

मंडळीच्या सभासदांना पत्र लिहिताना मी वर ‘प्रिय बंधू’ असं लिहिते. चौदा वर्षं लिहीत आले. आज ते लिहायला हात वळत नाही. तुम्ही राग मानणार नाही असं धरून चालते. तुमच्यावर रागावणारे सध्या इतके आहेत की तुम्हाला स्वतः कुणावर रागवायला सवड नसेल.

काम थोडक्यात सांगते. १८९१ च्या मार्चमध्ये तुम्ही आमच्या हॅकबेरीच्या बाप्टिस्ट मंडळीत आलात. आधीच्या मंडळीचा दाखला मागवला आहे, पंधरा दिवसांत येईल, असं म्हणालात. तुमच्या शब्दावर मी पुस्तकात ‘दाखल्यावरून घेतले’ अशी नोंद केली. दाखला आला नाही. पुढे तुम्ही शिकागोला निघालात तेव्हा मी तुम्हाला आमचा दाखला लिहून दिला. वर्तणूक निष्कलंक, असं त्यात म्हटलं.

एकोणीस तारखेला मंडळीची सभा आहे. त्या सभेत तुमचा तो जुना कागद माझ्याकडे मागणार आहेत. तो खरोखरच कुठे असला, वकिलाकडे, पेटीत, कुठेही, तर पाठवून द्या. तुम्हाला आता त्याचा उपयोग नाही. मला आहे.

तुमच्यावरच्या आरोपांबद्दल मी काही विचारत नाही.

ऑर्फा बिडवेल,
चिटणीस

हे पत्र ऑर्फाने खरंच टपालात टाकलं. सात बायकांच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला इंडियानातल्या एका चर्चच्या चिटणिसीणबाई लिहितात काय, तर माझा कागद तेवढा पाठवा. पुढे आयुष्यभर तिला त्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याची लाज वाटत राहिली. काही विचारत नाही म्हणे! विचारण्यासारखं एकच होतं, आणि ते सोडून तिने बाकी सगळं लिहिलं.

ऑर्फा त्या वर्षी, म्हणजे १८९६ साली, शेहेचाळीस वर्षांची होती. ओहायोतल्या कॉलेजात चार वर्षं काढलेली, ग्रीक वाचणारी, आणि आईच्या आजारपणासाठी हॅकबेरीला परतून तिथेच शाळा चालवत राहून गेलेली. बाप मंडळीचा चिटणीस. त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा ती त्याच्याऐवजी लिहू लागली, आणि तो गेल्यावर पुस्तक तिच्याकडेच राहिलं. बाईमाणसाकडे दप्तर कसं द्यायचं, यावर पुरुषमंडळींनी तीन सभा घालवल्या. पण तिच्यासारखं अक्षर गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं, तेव्हा काय करतात!

त्या पुस्तकाला किंमत होती. माणूस एका गावातून उठून दुसऱ्या गावी जायचा तेव्हा बैलगाडीत बायकापोरं, चूल, कोंबड्या आणि खिशात मंडळीचा दाखला असायचा. अमुकतमुक आमच्यात इतकी वर्षं होता, त्याची वागणूक चांगली, त्याला आपल्यात घ्यावं. तो दाखला नव्या मंडळीने वाचला की दुसऱ्या दिवशी दुकानात उधारी मिळायची, पोरीला मागणी यायची, आजारपणात शेजारीण सूप घेऊन यायची. दाखला नसलेला माणूस शेवटच्या बाकावर बसायचा.

ऑर्फा या बाबतीत कडक होती. एका पाळकाने दिलेला दाखला त्यावर तारीख नव्हती म्हणून तिने परत पाठवला होता. डीकन एमॉस पर्डी, मंडळीतला वयाने मोठा आणि घोड्याच्या नालांचा धंदा असलेला माणूस, म्हणायचा, ‘‘स्वर्गाच्या दारावर पीटरच्या जागी आपल्या मिस बिडवेलला बसवलं, तर अर्धी हॅकबेरी बाहेर गवतात मुक्कामाला राहील.’’ ऑर्फाला हे ऐकून बरं वाटायचं. तोंड वाकडं करायची, पण बरं वाटायचं.

१८८७ साली केंटकीच्या डोंगरातून महाला टॉलिव्हर आली. झाड अंगावर पडून नवरा मेलेला, बरोबर चौदा वर्षांची लेटी. महालाने स्टेशनामागची खोली घेतली आणि गावाची धुणी धुवायला लागली. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर ती ऑर्फापुढे येऊन उभी राहिली. हात खळीने फाटलेले.

‘‘मला तुमच्यात घ्या बाई.’’

‘‘दाखला?’’

‘‘नाही ना. आमच्याकडे चाळीस माणसं. पाळक महिन्यातून एकदा खेचरावर यायचा. लिहिणारं कुणी नव्हतं.’’

‘‘मग त्या पाळकाकडून मागवा.’’

‘‘तो वारला.’’

‘‘मग त्याच्या जागी जो आला असेल त्याच्याकडून.’’

सभेने आपल्या अधिकारात तिला घेतलं असतं. पर्डी स्वतः म्हणाला, ‘‘जाऊ दे की ऑर्फा, बाई गरीब आहे, देवभोळी आहे.’’ पण ऑर्फा अडून बसली. अकरा महिने महाला शेवटच्या बाकावर बसली. प्रभुभोजनाच्या रविवारी सभासदांसाठीची भाकर फिरायला लागली की ती आपण होऊन उठायची आणि बाहेर घोड्यांपाशी जाऊन उभी राहायची. हिवाळ्यातसुद्धा. अखेर त्या मेलेल्या पाळकाच्या मुलाने बियाण्याच्या पिशवीच्या पाठीमागे तीन वाकड्या ओळी लिहून पाठवल्या, आणि ऑर्फाने तिचं नाव पुस्तकात घेतलं.

महालाने कधी कुरकुर केली नाही. उलट धुण्याच्या बायकांमध्ये ती मोठ्या अभिमानाने सांगायची, ‘‘आमच्या मिस बिडवेलच्या पुस्तकातनं उंदीरसुद्धा कागदाशिवाय आत जायचा नाही. मला विचारा ना. अकरा महिने थंडीत उभी होते.’’

आणि त्याच पुस्तकात लायमन स्टॅनार्ड दोन आठवड्यांत गेला.

औषधाचं दुकान काढायला आला होता तो. तिशी उलटलेला, नीटनेटका, आवाज खालचा. गाण्याच्या मेळ्यात त्याने खर्ज लावला तेव्हा बाकांवरच्या म्हाताऱ्यांनीही माना वळवल्या. उपासनेनंतर तो ऑर्फाच्या टेबलाशी आला, पुस्तकातली नोंद त्याने उलट्या बाजूने वाचली आणि म्हणाला, ‘‘ज्या बाईचं अक्षर असं आहे, तिच्याशी खोटं बोलायला माणसाला लाज वाटेल.’’

बस. एवढंच. एकेचाळीस वर्षांच्या, ग्रीक शिकलेल्या, सगळ्या गावाला तारखा शिकवणाऱ्या बाईला एवढं पुरलं. त्यानंतर तो तिच्याकडून पुस्तकं वाचायला न्यायचा, खरंच वाचायचा, आणि परत करताना कोणतं पान आवडलं ते सांगायचा. तिला खोकला झाला तेव्हा बाटली घेऊन आला आणि दारातूनच परत गेला. आपल्या मनात तसलं काही नाही, असं ती स्वतःला बजावायची. होतं. चांगलंच होतं.

‘‘दाखला आला का?’’ तिने दोनदा विचारलं.

‘‘आमचं चर्च जळलं, मिस बिडवेल. दप्तरं गेली. चिटणीस आठवून आठवून सगळ्यांचे कागद पुन्हा करतोय बिचारा. किती म्हणून त्याला घाई करायची?’’

तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. नोव्हेंबरात तो शिकागोला निघाला. तिथे मोठं प्रदर्शन भरणार होतं, नवा धंदा, नवी इमारत. ऑर्फाने दाखला लिहिला. नेहमीच्या चार ओळींऐवजी नऊ ओळी लिहिल्या. त्यातली एक ओळ तिला स्वतःला फार आवडली होती: ‘ज्या घरात हा बंधू राहील त्या घराची इभ्रत वाढेल.’ ती ओळ सुचली म्हणून ती दिवसभर खूश होती.

पुढच्या वर्षी त्याचं पत्र आलं. ऑफिसात एखादी हुशार, प्रामाणिक मुलगी हवी आहे, शहरातल्या मुलींचा भरवसा नाही, तुमच्या शाळेतली एखादी सुचवाल तर उपकार होतील. ऑर्फाच्या शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी लेटी टॉलिव्हर. एकोणीस वर्षांची, गणितात पक्की, धुण्याच्या पिंपात हात घालून आयुष्य काढणं तिच्या नशिबी यावं याचा ऑर्फालाच जास्त राग यायचा. ती धावतच महालाकडे गेली.

महाला म्हणाली, ‘‘शिकागो म्हणजे लांब हो.’’

‘‘लांब म्हणून तर चांगलं. इथे काय करणार ती? तुमच्यासारखी खळ ढवळत बसणार?’’

लेटी चुलीपाशी इस्त्री बदलत होती. ‘‘आई, नाही म्हणालीस ना, तर मी पर्डीकाकांच्या घोड्यावर बसून जाईन.’’

‘‘तो घोडा तुला डेपोपर्यंतसुद्धा नेणार नाही. पडशील वाटेत,’’ महाला हसली. मग तिने हात पुसले आणि ऑर्फाकडे पाहिलं. ‘‘माणूस चांगला आहे ना, बाई? कागद आहे ना त्याचा?’’

‘‘आहे,’’ ऑर्फा म्हणाली.

‘‘मग काय प्रश्न नाही. तुमच्या नजरेखालून गेलेला कागद.’’

लेटीची तीन पत्रं आली. महालाला वाचता येत नव्हतं, म्हणून ऑर्फाच ती धुण्याच्या खोलीत उभी राहून वाचून दाखवायची. पहिल्यात इमारत केवढी आहे ते. दुसऱ्यात टोपीबद्दल. तिसऱ्यात, डॉक्टर फार चांगले आहेत, माझा विमा उतरवून देणार आहेत, आई, तुला म्हातारपणी काळजी नाही. मग काही नाही. ऑर्फाने डॉक्टरला लिहिलं. त्याचं सुरेख पत्र आलं: लेटीने एका चांगल्या तरुणाशी लग्न केलं, दोघं कॅलिफोर्नियाला गेली, आईला कळवायला लाजते आहे, थोडा वेळ द्या. ऑर्फाने तेही महालाला वाचून दाखवलं. वाचताना आवाजात आनंद आणला. महाला खाली बसली आणि म्हणाली, ‘‘लाजायचं काय त्यात वेडीने!’’ ती तीन वर्षं कॅलिफोर्नियाच्या पत्राची वाट पाहत राहिली.

मग वर्तमानपत्रं आली. त्याला ओहायोत पकडलं होतं, एका विम्याच्या फसवणुकीत, आणि त्या एका धाग्यावरून बाकी सगळं उसवत गेलं. शिकागोच्या त्या इमारतीचं तळघर खणलं. नावं छापून आली. चौथं नाव: मिस टॉलिव्हर, इंडियाना, प्रेत सापडलेलं नाही. खटला झाला, फाशी ठरली. त्याने कुणाच्याही बाबतीत काही कबूल केलं नाही.

महालाने धुणं बंद केलं नाही. कुणी काही बोललं तर म्हणायची, ‘‘मीच पाठवली तिला. माझ्या तोंडावर हसू होतं तेव्हा.’’

फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या सभेत पर्डीने एक गोष्ट वर काढली. दाखल्याच्या खाली एक पोचपावती असते; नवी मंडळी ती फाडून परत पाठवते, आणि ती आली की जुन्या पुस्तकातलं नाव कापतात. शिकागोहून स्टॅनार्डची पोचपावती कधी आलीच नव्हती.

‘‘म्हणजे तो अजून आपलाच आहे,’’ पर्डी म्हणाला. ‘‘सभासद क्रमांक एकशे बारा. वर्तमानपत्रवाल्यांना कळलं तर आपण तोंड कुठे दाखवायचं?’’

‘‘काढून टाका त्याला,’’ मागून कुणी ओरडलं.

‘‘काढूच. पण आधी ज्यांनी त्याला आपल्याकडे पाठवला त्या मंडळीला जाब विचारायचा. असल्या माणसाला दाखला दिला कुणी? ऑर्फा, तो आणलेला कागद पेटीतून काढ. त्यावर ज्या चिटणिसाची सही आहे ना, त्याला मी स्वतः पत्र लिहितो. जन्मात विसरणार नाही असं.’’

ऑर्फाने पुस्तक मिटलं. ‘‘शोधावा लागेल,’’ ती म्हणाली.

‘‘तुला? शोधावा?’’ पर्डी हसला. ‘‘तुझ्या पेटीत एकोणीसशे साली येणारी पत्रंसुद्धा लावून ठेवलेली असतील.’’

तेव्हा शेवटच्या बाकावरून महाला उठली. सभासद झाल्यावरसुद्धा ती तिथेच बसायची. ‘‘तिच्यावर ओरडू नका,’’ ती म्हणाली. ‘‘कागद असणारच. कागदाशिवाय मिस बिडवेलने त्याला घेतलाच नसता. त्या तिकडच्या लोकांनी तिला फसवलं, जसं त्याने माझ्या पोरीला फसवलं.’’

त्या दिवशी घरी येऊन ऑर्फाने ते पत्र लिहिलं, जे सुरुवातीला दिलं आहे.

उत्तर शुक्रवारी आलं. जाड पाकीट. आत एक दाखला. न्यू हॅम्पशरमधल्या मंडळीचा, १८९० च्या डिसेंबरची तारीख, चिटणिसाची सही, कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला. तुरुंगात बसून केलेलं काम, आणि काय नाजूक केलेलं! शाईसुद्धा जुनाट दिसत होती. वर एक चिठ्ठी: ‘आपल्या उपयोगी पडता आलं याचा आनंद वाटतो. इथे पुस्तकांबद्दल बोलता येईल असं कुणी नाही. एखाद्या शुक्रवारी भेटायला आलात तर माझे शेवटचे दिवस बरे जातील.’

ऑर्फाने दाखला टेबलावर ठेवला. पाच मिनिटं तिला सुटल्यासारखं वाटलं. हे लपवून काय उपयोग? पाच मिनिटं तिने हिशेब केला की हा कागद पेटीत एक्क्याण्णवच्या गठ्ठ्यात बरोबर कुठे बसेल, आणि बाजूच्या कागदांवरची धूळ याच्यावर कशी घ्यायची. पर्डी पत्र लिहील, ते जळालेल्या चर्चच्या पत्त्यावरून परत येईल, विषय संपेल. महालाचा तिच्यावरचा विश्वास तसाच राहील.

मग तिने दाखला नीट वाचला. सहाव्या ओळीत लिहिलं होतं, ‘ज्या घरात हा बंधू राहील त्या घराची इभ्रत वाढेल.’

तिचीच ओळ. चार वर्षं त्याने ती जपून ठेवली होती. शिकागोत किती दारांवर ती ओळ वाजवून आत गेला असेल, किती आयांनी ती वाचून पोरी धाडल्या असतील! ऑर्फाने कागद टेबलावर पालथा घातला.

शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी ती उपासनेला गेली नाही. सोमवारी सकाळी तो कागद घेऊन ती महालाकडे गेली. सोमवार धुण्याचा. सगळ्या खोलीत वाफ, पिंपात चादरी उकळत होत्या, महाला लाकडी दांड्याने त्या वरखाली करत होती.

‘‘बसा बाई. सापडला का कागद?’’

‘‘हा बघा.’’

‘‘मला काय दाखवता, मला वाचता येतं का? सापडला ना, झालं तर.’’

‘‘हा खोटा आहे, महाला. त्याने आत्ता बनवून पाठवलाय. मी मागितला म्हणून.’’

महालाचा दांडा थांबला.

‘‘पहिला कागद कधी नव्हताच,’’ ऑर्फा म्हणाली. एकदा सुरू केल्यावर तिला थांबता येईना. ‘‘तो आला तेव्हा नव्हता, गेला तेव्हा नव्हता. मी पुस्तकात खोटं लिहिलं. तुम्ही मला विचारलंत, कागद आहे ना त्याचा, आणि मी आहे म्हणाले. इथेच उभी राहून. लेटी तिथे इस्त्री घेऊन उभी होती.’’

‘‘का?’’

‘‘काय?’’

‘‘का घेतलं त्याला? मला नाही घेतलं.’’

ऑर्फाने तीन दिवस या प्रश्नाला उत्तर तयार केलं होतं. चर्च जळालं होतं, तो डॉक्टर होता, गावाला औषधाच्या दुकानाची गरज होती.

‘‘त्याने माझ्या अक्षराचं कौतुक केलं,’’ ती म्हणाली.

पिंपातली चादर फुगून वर आली. महालाने ती दांड्याने खाली दाबली आणि दाबून धरली.

‘‘मी अकरा महिने घोड्यांपाशी उभी राहिले,’’ ती हळू म्हणाली. ‘‘एकदा बोटं बधिर झाली. लेटी म्हणाली, आई, या बाईला काळीज नाही. मी तिला थोबाडीत दिली. म्हटलं, काळीज नसू दे, बाई खरी आहे.’’

‘‘महाला...’’

‘‘थांबा. बोलू नका. तुमचं बोलणं चांगलं असतं, मला ते आत्ता नको.’’ तिने हात पुसले. ‘‘त्या पाकिटात आणखी काय आहे?’’

ऑर्फाने चिठ्ठी वाचून दाखवली. शब्द न् शब्द. पुस्तकांबद्दल, शुक्रवारबद्दल.

‘‘बोलावतोय तुम्हाला.’’

‘‘हो.’’

‘‘मग जा. जा आणि विचारा माझी पोर कुठे टाकलीय. कोर्टाला सांगितलं नाही त्याने, पोलिसांना नाही. तुम्हाला सांगेल. तुम्हाला खूश करायला आवडतं त्याला.’’ हे टोचून बोलायचं म्हणून ती बोलली नाही. तिने ते तसंच्या तसं सांगितलं, आणि म्हणूनच ऑर्फाला ते जास्त लागलं. ‘‘तळ्यात असो, चुन्यात असो. जे असेल ते उचलून आणीन. इथे जमिनीत ठेवीन. बाकी मला काही नको.’’

‘‘मी आजच पत्र...’’

‘‘पत्र नको! कागदावर तो काहीही लिहील. तुम्ही दोघंही लिहाल. तोंडावर विचारा.’’

‘‘जाते. या शुक्रवारी जाते.’’

बुधवारी, एकोणीस तारखेच्या सभेत ऑर्फाने सगळं उभं राहून सांगितलं. अक्षराचं कौतुकसुद्धा. कुणीतरी तोंड दाबून हसलं, ते तिला ऐकू आलं. पर्डी हसला नाही. तो टेबलाशी आला, पुस्तक उचलून काखेत घेतलं, आणि म्हणाला, ‘‘ऑर्फा, तुझ्या बापाच्या खुर्चीवर बसून गं?’’ ती खाली बसली. तिच्या शेजारची जागा पुढच्या रविवारपासून रिकामीच राहायला लागली.

शुक्रवारी ती पहाटेच्या गाडीने शिकागोला निघाली. शहरात जायचं म्हणून तिने राखी रेशमी झगा घातला, लेसची कॉलर लावली. तसा कुणी जाब विचारला असता तर तिने हेच सांगितलं असतं, शहरात जायचं म्हणून.

तुरुंगाच्या दाराशी रांग होती. अकरा बायका. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात केकचा डबा, सगळ्यांच्या डोक्यावर चांगल्यातल्या टोप्या. ऑर्फाला आधी कळेना की एवढ्या बायकांचं इथे काय काम. तिच्यापुढे एक गोरीगोमटी, गोल चेहऱ्याची बाई होती, पन्नाशीची, शाळामास्तरीण असावी. ती मागे वळली.

‘‘स्टॅनार्डनाच ना? पहिल्यांदा आलात वाटतं. लाजू नका हो, आम्ही सगळ्या आधी लाजलो. ती पुढची तर दर शुक्रवारी येते, नवऱ्याला सांगते की दातांच्या डॉक्टरकडे जाते.’’ ती खुसखुसली. ‘‘तुम्हालाही त्यांनी लिहिलं का? काय गोड लिहितात नाही!’’

आणि तिने पर्समधून आपली चिठ्ठी काढून दाखवली. अगदी जपून घडी घातलेली. इथे पुस्तकांबद्दल बोलता येईल असं कुणी नाही. भेटायला आलात तर माझे शेवटचे दिवस बरे जातील.

रांग पुढे सरकली. खिडकीतल्या शिपायाने एक छापील कागद ऑर्फापुढे केला. नाव, गाव, कैद्याशी नातं. तिने नाव लिहिलं, गाव लिहिलं. शिपाई वाकून बघत होता. ‘‘वा, बाई,’’ तो म्हणाला, ‘‘काय अक्षर आहे हो तुमचं!’’ त्याच्या मनात काही नव्हतं. दिवसभर वेडीवाकडी सही बघून कंटाळलेला माणूस.

ऑर्फाने टाक खाली ठेवला. आत शंभर पावलांवर तो बसला होता. लोखंडी दार, एक खुर्ची, आणि विचारायचा एक प्रश्न, पाच शब्दांचा. एवढंच करायचं होतं. तिला एकदम आपली कॉलर दिसली, खिडकीच्या काचेत, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या टोप्या. आपण आत गेलो की तो उठून उभा राहील, खालच्या आवाजात ‘मिस बिडवेल’ म्हणेल, आणि आपल्याला बरं वाटेल. अजूनसुद्धा. याची तिला खात्री होती, आणि ती खात्री तिला सहन होईना. ती रांगेतून बाहेर पडली. गोल चेहऱ्याची बाई मागून म्हणत होती, ‘‘अहो, तुमचा नंबर आला! अहो बाई!’’

शनिवारी दुपारी ती हॅकबेरीच्या फलाटावर उतरली तेव्हा महाला तिथे उभी होती. बाह्या कोपरापर्यंत वर, हात ओले.

‘‘काय म्हणाला?’’

‘‘मी आत गेलेच नाही.’’

‘‘का? सोडलं नाही?’’

‘‘सोडत होते. मीच परत फिरले.’’

महालाने तिच्याकडे पाहिलं. झगा, कॉलर, टोपी, सगळं एकदा वरून खाली.

‘‘पुन्हा भेटीचा वार कधी?’’

‘‘शुक्रवार.’’

‘‘म्हणजे अठ्ठावीस तारीख.’’

‘‘हो.’’

दोघींनाही ती तारीख पाठ होती. वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापून आली होती. ती तर सगळ्या गावाने महालाला वाचून दाखवली होती. महाला वळली आणि रुळांच्या कडेने आपल्या खोलीकडे चालायला लागली. ऑर्फा तिच्यामागून काही पावलं गेली. महाला थांबली नाही. फाशीच्या दिवशी भेटी नसतात.